सस्पेन्स अकाउंटला पडलेला कॉम्प्युटर: राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाला खुलं पत्र

प्रति,
जीडीपीचा हिशोब जमवणारी सगळी मंडळी,
राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय, दिल्ली

स. न. वि. वि.

मी लातूरचा. मोंढ्याजवळ, म्हणजे धान्य बाजाराजवळ, माझं छोटं ऑफिस आहे, दोन टेबलं, तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर जो मार्च आला की हमखास आजारी पडतो. डाळ मिलवाले, आडते, खत-बियाण्याचे दुकानदार, दोन ट्रान्सपोर्टवाले यांची खाती लिहायची, जीएसटी भरायचा, उद्यम नोंदणी करून द्यायची हे माझं आजचं काम, आणि या धंद्यात मी २००४ पासून. म्हणजे तुमच्याकडं दिल्लीत जाऊन बसणारा आकडा बऱ्याचदा माझ्यासारख्या कुणाच्या तरी कीबोर्डवरून निघालेला असतो, आणि तो निघताना आम्ही काय काय करतो हे तुम्हाला कुणी सांगत नसेल, म्हणून हे पत्र.

मागं जानेवारी २०२५ मध्ये तुमच्या शेजारच्या मंत्रालयानं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटीवाल्यांनी, इक्रिअर या दिल्लीतल्या अर्थसंशोधन संस्थेकडून एक अहवाल करून घेतला. त्यात आलं की २०२२-२३ मध्ये देशाची डिजिटल अर्थव्यवस्था ३१.६४ लाख कोटींची, जीडीपीच्या ११.७४ टक्के. तिच्यात कामाला माणसं १ कोटी ४६ लाख ७० हजार, म्हणजे देशातल्या एकूण काम करणाऱ्यांच्या २.५५ टक्के. अडीच टक्के माणसं पावणेबारा टक्के काढतात, म्हणजे बाकीच्यांपेक्षा जवळपास पाचपट उत्पादक असं गणित. आमच्या टॅक्सवाल्यांच्या ग्रुपवर हे फिरलं, लोकांनी टाळ्या टाकल्या, मीपण अंगठा दिला, आणि रात्री पडल्या पडल्या डोक्यात आलं की अरे, यात आपली डाळ मिल कुठंय?

नाहीये. त्या ११.७४ मधले ७.८३ टक्के म्हणजे आयटी सेवा, टेलिकॉम आणि फोन-कॉम्प्युटर बनवणारे. साधारण २ टक्के मोठे प्लॅटफॉर्म. आणि उरलेले साधारण २ टक्के जुन्या धंद्यांतला डिजिटल भाग, त्यात बँका-विमा, रिटेल आणि शिक्षण एवढंच धरलंय. अहवाल वाईट आहे असं मी म्हणत नाही, कष्ट दिसतात. पण त्यानं मोजला तो मुख्यतः आयटी नावाच्या धंद्याचा आकार. आयटीमुळं बाकीचा देश किती वाढला हा प्रश्नच वेगळा. गावात वीज आल्यानं काय फरक पडला असं विचारलं आणि समोरच्यानं वीज कंपनीचा ताळेबंद काढून दाखवला तर कसं वाटेल, तसं झालं ते.

डाळ मिलचं सांगतो, कारण मला तेच नीट माहितीय. मी धंद्यात आलो तेव्हा एका मिलच्या मागच्या शेडमध्ये वीस-पंचवीस बायका ओळीनं बसायच्या, पुढ्यात सूप, डाळ निवडायच्या. खडा, काळा दाणा, डागी दाणा, साल राहिलेला दाणा, सगळं बोटांनी बाजूला. आज त्या शेडमध्ये सॉर्टेक्स बसलंय. माणसाहून उंच डबा, वरून डाळ पन्हाळ्यांतून धारेनं खाली येते, दोन्ही बाजूंना कॅमेरे, पडता पडता प्रत्येक दाणा टिपला जातो, आतला कॉम्प्युटर ठरवतो की हा काळा, आणि तो दाणा खाली पोचायच्या आत हवेची बारीक फुंक बसून बाजूला उडालेला असतो. पत्र्यावर पावसाची पहिली सर पडावी तसा आवाज येतो आत, आणि तो थांबत नाही. मालक पुढच्या पडद्यावर बोट लावून ठरवतो की आज किती बारीक निवडायचं, कारण एका पार्टीला एकदम स्वच्छ माल हवा असतो आणि दुसऱ्या पार्टीला भाव कमी हवा असतो.

आता हे यंत्र मी चोपडीत कुठं लिहिलं? प्लांट अँड मशिनरी. घसारा, म्हणजे वापरानं दर वर्षी कमी धरायची किंमत, १५ टक्के. आणि मुनीमजींच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, ज्यावर ते टॅली चालवतात आणि दुपारी पत्ते खेळतात, तो लिहिला 'कॉम्प्युटर' म्हणून, घसारा ४० टक्के. तुमचा उद्योगांचा वार्षिक सर्व्हे येतो ना, एएसआय, त्यात मालमत्तेच्या ब्लॉकमध्ये 'कॉम्प्युटर उपकरणं, सॉफ्टवेअर धरून' अशी वेगळी ओळ आहे, ती मी इमानदारीत भरतो आणि तिच्यात पत्त्यांचा कॉम्प्युटर जातो. सेकंदाला कितीतरी दाण्यांचा निकाल लावणारा कॉम्प्युटर तिच्यात जात नाही, तो यंत्रात जमा. म्हणजे तुमच्या आकड्यावरून कुणी हिशोब केला की लातूरच्या डाळ उद्योगात आयटीचं भांडवल किती, तर उत्तर येणार मुनीमजींचं टेबल.

आणि त्या बायका कुठल्याच ओळीत येत नाहीत. त्यातल्या एक मावशी आता आमच्याच बिल्डिंगमध्ये झाडलोट करतात. एकदा मी विषय काढला तर म्हणाल्या, "त्या मशीनला चष्मा लागत नाही ना बाबा." मिलमध्ये माणशी उत्पादन वाढलं हे खरंय, माझ्याच चोपडीत दिसतं. पण मिलमधून बाहेर पडलेल्या माणसाची नवी कमाई जुन्या कमाईपेक्षा कमी असेल तर देशाच्या हिशोबात ती वजा बाजूही लिहायला पाहिजे की नाही? नुसत्या मिलकडं बघून पाचपट-दहापट काहीही निघू शकतं.

आता सस्पेन्स अकाउंट. आमच्याकडं तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजा, जुळली नाही, रात्रीचे अकरा वाजले, डोळे मिटायला लागले की जो फरक येतोय तो सस्पेन्सला टाकायचा आणि घरी जायचं. सकाळी शोधू. कधी सापडतो, कधी तीन वर्षं तसाच राहतो आणि मग त्याची सगळ्यांना सवय होते. देशाच्या वाढीचा हिशोब अर्थतज्ज्ञ कसा करतात हे मी जरा वाचलं आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं. कामाचे तास किती वाढले, भांडवल किती वाढलं, त्यांच्या वाट्याप्रमाणे जितकी वाढ समजते तितकी बाजूला काढायची, आणि जी उरली तिला एकूण घटक उत्पादकता म्हणायचं. रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञ साहेबांनी १९५७ साली ही रीत बसवून दिली आणि त्याच्या एकच वर्ष आधी अब्रामोविट्झ नावाच्या अर्थतज्ज्ञानं अशाच बाकीला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं. सस्पेन्सच की हो हे.

मग आयटी या हिशोबात दोन जागी बसतो. एक भांडवलात, म्हणजे विकत घेतलेलं यंत्र आणि सॉफ्टवेअर. इथं एक बारकी गोष्ट आहे जी घसाऱ्यावाल्या माणसाला लगेच कळते: लाखाची भिंत तीस वर्षं पुरते, लाखाचा कॉम्प्युटर तीन-चार वर्षांत भंगार, म्हणजे त्या कॉम्प्युटरनं दर वर्षी भिंतीपेक्षा कितीतरी जास्त कमवून दिलं पाहिजे, नाहीतर तो घेतलाच कशाला. म्हणून रुपयाला रुपया लावून चालत नाही, ती वस्तू वर्षाला भाड्यानं घेतली असती तर काय पडली असती ते धरून वजन द्यावं लागतं. ज्यांनी हे नीट केलं त्यांना उत्तर मिळालं. सोलोंनीच १९८७ मध्ये, ज्या वर्षी त्यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी, टोमणा मारला होता की कॉम्प्युटरचं युग सगळीकडं दिसतंय फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. मग २००० साली ओलायनर आणि सिकेल या दोघांनी अमेरिकेचा हिशोब मांडला आणि दाखवलं की १९९५ नंतर तिथली उत्पादकता जी जोरात धावायला लागली त्यातली सुमारे दोन तृतीयांश वाढ आयटीमुळं, वापरण्यातून आणि बनवण्यातून धरून. तेरा वर्षं लागली सस्पेन्स सुटायला.

दुसरी जागा म्हणजे ती बाकी. आणि तिथं फक्त यंत्र घेऊन भागत नाही, काम करायची पद्धत बदलावी लागते. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञाचं १९९० सालचं एक लिखाण आहे विजेच्या मोटरवर, ते वाचताना मला आमच्या आजोळची जुनी तेलगिरणी आठवली. एकच इंजिन, छताखाली लांबलचक लोखंडी शाफ्ट, त्यावरून खाली येणारे चामडी पट्टे, एक पट्टा तुटला की अख्खी गिरणी बंद. अमेरिकेत १८८२ मध्ये एडिसनची वीजकेंद्रं सुरू झाली, पण कारखानदारांनी काय केलं तर वाफेचं इंजिन काढून तिथं मोठी मोटर बसवली, शाफ्ट तोच, पट्टे तेच. खरा फायदा दिसला १९२० च्या दशकात, जेव्हा प्रत्येक यंत्राला आपापली मोटर आली आणि कारखान्याची मांडणीच बदलली. चाळीस वर्षं! आमच्याकडं अजून कितीतरी ऑफिसांत कॉम्प्युटर आहे आणि शाफ्ट-पट्टा तसाच आहे, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरायचा, त्याची प्रिंट काढायची, सही-शिक्का घ्यायचा, तो कागद स्कॅन करून परत अपलोड करायचा. याची उत्पादकता काय काढणार, कपाळ?

बरं, आता माझा गुन्हा कबूल करतो, कारण तो तुमच्या कामाचा आहे. धंद्याचा कोड. उद्यम नोंदणी करताना राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचा कोड निवडायचा असतो, यादी लांबलचक, गिऱ्हाईक समोर चहा पीत बसलेलं आणि त्याला घाई. मग मी त्याला जवळचा वाटेल तो कोड ठोकतो. कंपनी असेल तर अजून मजा. कंपनीचा तो २१ अक्षर-आकड्यांचा सीआयएन बघा, पहिलं अक्षर सोडलं की पुढचे पाच आकडे म्हणजे धंद्याचा कोड, नोंदणीच्या दिवशी कपाळाला चिकटलेला. माझ्याकडं एक पार्टी आहे, नोंदणी झाली तेव्हा बियाण्याचा घाऊक व्यापार, आज त्यांची अर्ध्याहून जास्त कमाई दुकानदारांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर महिन्याच्या पैशावर देण्यातून येते. कोड बदलला का? कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, मीही विसरलो. तुमच्या लेखी ते अजून बियाणं विकतात.

ही माझीच एकट्याची भानगड असती तर लिहिलं नसतं. २०११-१२ हे आधारवर्ष, म्हणजे तुलनेसाठी ज्याचे भाव धरायचे ते वर्ष, धरून जीडीपीची जी मालिका तुम्ही आणली तिच्यात कंपन्यांचा आकडा कंपनी मंत्रालयाच्या एमसीए-२१ च्या नोंदींतून यायला लागला, आणि नंतर तुमच्याच एनएसएसओनं, म्हणजे घरोघर-दुकानोदुकानी सर्व्हे करणाऱ्या शाखेनं, ७४ व्या फेरीत, २०१६-१७ मध्ये, सेवा क्षेत्रातल्या कंपन्या शोधायला त्याच यादीवरून माणसं पाठवली तर एक तृतीयांशाहून जास्त कंपन्या एकतर पत्त्यावर सापडल्या नाहीत, नाहीतर बंद निघाल्या, नाहीतर भलताच धंदा करताना निघाल्या. २०१९ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा टीव्हीवर त्याचं राजकारण झालं, इकडून तिकडून आरडाओरडा, आणि मूळ रोग म्हणजे माझ्या टेबलावरचा तो चहा, त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही.

दुसरी भानगड क्लाउडची, म्हणजे दुसऱ्याचा सर्व्हर आणि सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्यानं वापरायची. पूर्वी सॉफ्टवेअर घेतलं की सीडी यायची, डब्बा यायचा, मी ती मालमत्ता म्हणून लिहायचो, देशाच्या हिशोबात ती गुंतवणूक व्हायची. राष्ट्रीय हिशोबाच्या १९९३ च्या जागतिक नियमांपासून सॉफ्टवेअर हे भांडवल धरतात, तुम्हाला मी काय सांगावं. आता सगळं वर्षाच्या सबस्क्रिप्शनवर. तेच काम, तीच पार्टी, पण मी लिहितो खर्च. सर्व्हर विकत घेतला असता तर भांडवल, भाड्यानं घेतला तर वीज-बिलासारखा खर्च, उत्पन्नातून वजा. म्हणजे धंदेवाले जितके जास्त क्लाउडवर जातील तितकी वापरणाऱ्या धंद्यांच्या खात्यात आयटीची गुंतवणूक कमी दिसत जाणार, आणि एखादा संशोधक म्हणणार की भारतातले छोटे उद्योग तंत्रज्ञानात मागं पडतायत. मागं पडले नाहीत, भाडेकरू झाले.

भावाचा प्रश्न तर मला सगळ्यात गमतीचा वाटतो. २००४ साली मी पहिला कॉम्प्युटर घेतला ३२ हजारांना, २५६ एमबी रॅम आणि ४० जीबीची हार्ड डिस्क, घरी आणला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावलं. मागच्या वर्षी मुलीला लॅपटॉप घेतला, तोही ३२ हजारांच्या आसपास, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची डिस्क. चोपडीत दोन्ही नोंदी सारख्याच. मग वीस वर्षांत कॉम्प्युटर स्वस्त झाला की नाही? अमेरिकेनं १९८० च्या दशकात आयबीएमच्या लोकांना सोबत घेऊन याचं उत्तर काढलं, मशीनचा वेग, मेमरी वगैरे गुणांवरून भाव सुधारून घ्यायचा, म्हणजे किंमत तीच पण ताकद वाढली तर तो भाव उतरला असं धरायचं. आपल्याकडं यंत्रांचं एक वेळ चालेल, पण सेवांचं काय करता? घाऊक भाव निर्देशांकात प्राथमिक वस्तू आहेत, इंधन-वीज आहे, कारखान्यातला माल आहे, सेवा नाहीतच. मग एखाद्या सॉफ्टवेअरवाल्यानं गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के जास्त बिल केलं तर त्यात काम किती वाढलं आणि दर किती वाढला हे वेगळं काढायला तुमच्याकडं नेमकी कोणती पट्टी आहे? २०२२-२३ ला आधारवर्ष केलंत, चांगलं केलंत, पण पट्टीशिवाय वर्ष बदलून किती फरक पडणार.

आता ज्याचा भावच नाही त्याचं बघा. मोंढ्यातला चहावाला, हमाल, सगळ्यांकडं क्यूआर आहे. यूपीआय २०१६ ला सुरू झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्यांदा एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या २००० कोटींच्या वर गेली. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर एमडीआर, म्हणजे व्यवहारामागं द्यायची फी, शून्य. वापरणारा काही देत नाही म्हणजे त्याच्या बाजूनं तुमच्या हिशोबात येण्यासारखंही काही नाही, येतं ते 'पैसे आले' असं बोलणाऱ्या डब्याचं भाडं. उलट पूर्वी सुट्टे नसले की दुकानदार दोन चॉकलेटं हातावर टेकवायचा, ती चॉकलेटं मात्र जीडीपीत होती!

सातबाऱ्याचं तसंच. पूर्वी सातबारा काढायचा म्हणजे औशाच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातला माणूस एसटीनं तालुक्याला यायचा, तलाठी आप्पा नाहीत, मिटिंगला गेलेत, चहा, झेरॉक्स, दुसऱ्या दिवशी परत एसटी. दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळी. आता डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत फोनवर. हिशोबाला बसलात तर एसटी, चहा, झेरॉक्स गेलं आणि १५ रुपये आले, म्हणजे या कामापुरता जीडीपी घटला! वाचलेले पैसे तो दुसरीकडं खर्च करतो हे मान्य, ते कुठंतरी येतात. वाचलेले दोन दिवस कुठं येतात? तो त्या दिवसांत फवारणी करतो का पारावर बसतो हे मला माहीत नाही, पण तुम्हाला माहीत करून घेता येईल, कारण तुम्ही २०१९ मध्ये आणि परत २०२४ मध्ये वेळेच्या वापराचा सर्व्हे केलाय, लोकांचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासांत मांडलाय. त्यात सरकारी कामासाठी खेटे मारायला, रांगेत उभं राहायला किती वेळ गेला हे वेगळं काढून दाखवा ना. त्याच रकान्यात आमचाही वेळ धरा. एका पोर्टलवर शेवटच्या तारखेच्या रात्री मी साडेतीन तास ते गोल फिरणारं चक्र बघत बसलोय, बायकोनं दोनदा जेवण गरम केलं. हाही आयटीचाच हातभार, फक्त उणे चिन्ह लावून.

आणि असं मोजता येतं हो, कुणी मोजलंच नाही असं नाही. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ मध्ये मोबाइल टॉवर टप्प्याटप्प्यानं आले, आधी एका पट्ट्यात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. रॉबर्ट जेन्सन नावाच्या संशोधकानं त्याच काळात बंदरांवरचे तारलीचे भाव आठवड्याला गोळा केले. टॉवर नव्हता तोवर एका बंदरावर मासळी फेकून द्यायची वेळ आणि काही कोसांवर गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत. टॉवर आला तसे मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठं वळायचं ते ठरवायला लागले, त्यांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, खाणाऱ्याला मासळी ४ टक्के स्वस्त पडली आणि फेकणं जवळपास बंद झालं. टॉवर टप्प्यानं आले म्हणून आलेला आणि न आलेला पट्टा शेजारी ठेवून बघता आला, हे त्यातलं खरं डोकं.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. आपल्याच महाराष्ट्रात १०० गावांत फाफशाँ आणि मिंटेन या दोघांनी असाच प्रयोग केला, काही शेतकऱ्यांना वर्षभर बाजारभाव आणि हवामानाचे एसएमएस फुकट दिले, काहींना नाही. २०१२ मध्ये निकाल छापला: शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या भावात नाव घेण्यासारखा फरक नाही. हे वाचून दिल्लीतल्या माणसाला आश्चर्य वाटेल, मोंढ्यातल्याला वाटणार नाही. बोट फिरवून दुसऱ्या बंदरावर नेता येते. आमच्या शेतकऱ्यानं पेरणीच्या वेळी आडत्याकडून उचल घेतलेली असते, सोयाबीन त्याच्याच दुकानी उतरणार, फोनवर हिंगोलीचा भाव शंभरानं जास्त दिसला तरी काय करेल तो, बघेल आणि सुस्कारा टाकेल. हे माझं मत, त्या दोघांचं नाही. पण म्हणूनच म्हणतो की 'धंद्यासाठी इंटरनेट वापरता का' एवढंच विचारून भागत नाही. तुमच्या असंघटित उद्योगांच्या सर्व्हेत असं इंटरनेट वापरणारे २०२२-२३ मध्ये २१.१ टक्के होते ते २०२३-२४ मध्ये २६.७ टक्के झाले. बरं वाटलं वाचून. पण ऑर्डर घ्यायला वापरतो, उधारीची आठवण करायला, की नुसता भाव बघून सुस्कारे टाकायला?

पुण्याचं थोडक्यात. माझा भाचा खराडीला एका परदेशी कंपनीच्या इथल्या केंद्रात आहे, असली केंद्रं देशात १७०० च्या वर झालीत. तो म्हणतो की मामा, आम्ही मूळ कंपनीला बिल लावतो ते खर्च अधिक ठरलेले काही टक्के. म्हणजे त्याच्या टीमनं लिहिलेल्या प्रोग्रॅमवर मूळ कंपनीनं कितीही कमावलं तरी इथं दिसणार त्याचा पगार, जागेचं भाडं आणि वर थोडं मीठ. उलट टोक आयर्लंडचं, तिथं २०१५ मध्ये बड्या कंपन्यांनी आपले बौद्धिक हक्क कागदोपत्री तिकडं हलवले आणि देशाचा जीडीपी एका वर्षात २६ टक्के वाढला, जगभर हसं झालं, शेवटी त्यांना हा फुगवटा वगळून वेगळाच आकडा काढावा लागला. भाच्याचं डोकं इथं आणि त्याची कमाई कुठल्या देशाच्या वाढीत हे तुम्ही शोधाल तेव्हा शोधाल, माझी मागणी त्यापेक्षा बारकी आहे.

जीएसटीच्या बिलावर सेवेचा कोड असतो. आयटी सल्ला ९९८३१३, सॉफ्टवेअर बनवणं ९९८३१४, सर्व्हर-होस्टिंग ९९८३१५. प्रत्येक बिलावर विकणाऱ्याचा नंबर आणि घेणारा धंदेवाला असेल तर त्याचाही नंबर. म्हणजे कोणत्या उद्योगानं आयटीवर किती खर्च केला हे मला विचारायला माणूस पाठवायचीही गरज नाही, सरकारच्या घरात ते आधीच पडून आहे. अडचण एवढीच की पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्याला चारच आकडे लिहिले तरी चालतात, ९९८३, आणि त्या चार आकड्यांत सॉफ्टवेअरवालाही बसतो, आर्किटेक्टही बसतो आणि लग्नाचे फोटो काढणाराही बसतो. माझे आयटीवाले आणि माझे फोटोग्राफर तुमच्यासाठी एकच. अजून दोन आकडे सक्तीचे करायला लावा जीएसटीवाल्यांना, आम्ही कुरकुर करू, दोन महिने शिव्या देऊ, मग भरू. तसंही आम्ही कुरकुर न करता काय भरलंय आजपर्यंत.

एएसआयच्या त्या ब्लॉकमध्ये अजून एक ओळ घाला, 'कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं', म्हणजे सॉर्टेक्स तिथं बसेल. क्लाउडचा खर्च वेगळा विचारा. धंद्याचा कोड दर वर्षी रिटर्नसोबत 'अजून हाच धंदा आहे का' असा विचारा, हो-नाही, एक टिक, मग मला चहाचं निमित्त राहणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय हिशोबाचे नवे नियम मंजूर केलेत, त्यात डेटासुद्धा मालमत्ता धरायचं ठरलंय, ते तुम्ही लागू करालच. पण डेटाची किंमत काढायच्या आधी मिलच्या शेडमधल्या त्या उंच डब्याची तर काढा.

एक गंमत सांगू का, देशातल्या अगदी पहिल्या डिजिटल कॉम्प्युटरांपैकी एक १९५० च्या दशकात आला तो कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्याकडं. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष तेच, आणि सदस्यांत आपले पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. म्हणजे कॉम्प्युटर पहिल्यांदा आला तो हिशोब करणाऱ्यांच्याच घरात.

तर एकदा या लातूरला. तुरीच्या सीझनला या, जानेवारी-फेब्रुवारीत, मिल चालू असते, सॉर्टेक्सचा आवाज ऐकवतो, मावशींशी बोलणं करून देतो, माझ्या चोपड्या उघड्याच आहेत. फक्त महिन्याच्या वीस तारखेला, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, येऊ नका, त्या दिवशी ते चक्र फिरत असतं.

कळावे,
आपला,
मोंढ्यातला एक चोपडीवाला